आधी शिकवा, मग कामाला लावा : सदरचा जाहीरनामा

जबलपुरात तयार झालेला धोका जबलपुरात थांबत नाही. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात, सोनेगाव आबाजीजवळ, पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करण्याचे काम चालले होते. माल आमच्या खमरियाच्या आयुध निर्माणीतून गेलेला. उतरवताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. त्यांत एक खमरियाचा कर्मचारी होता, बाकीचे ठेक्यावर आलेले आसपासच्या खेड्यांतले मजूर. रोजावर पेट्या उतरवायला आलेल्या माणसाला त्या गोळ्याविषयी खमरियातल्या जुन्या कामगाराइतके ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते. तरी गोळा दोघांच्याही हातात होता.

धोका उतरणीने खाली येतो. निर्माणीतून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून रोजंदारीच्या माणसाकडे, आणि शेवटी भंगाराच्या गोदामात. माहिती मात्र वरच्या पायरीवरच बसून राहते. आमचे भांडण एवढ्या एकाच गोष्टीशी आहे. जिथे धोका जाईल तिथे माहिती त्याच्या आधी पोचली पाहिजे. ती पोचली नसेल तर कामाला हात लागणार नाही.

आम्ही जबलपूरच्या सदर भागातले आणि आसपासचे लोक. आमच्यात खमरियातून, गन कॅरेज फॅक्टरीतून आणि सेंट्रल ऑर्डनन्स डेपोतून (सीओडी) निवृत्त झालेले आहेत, साइटवर उभे राहणारे सिव्हिलचे डिप्लोमावाले आहेत, वायरमन, वेल्डर, गवंडी आहेत, आणि ज्यांच्या घरचा माणूस कामावरून परत आला नाही अशा बायकाही आहेत. लिहिणारे बहुतेक मराठी, म्हणून जाहीरनामा मराठीत. गणपतीची वर्गणी आणि कोजागिरीचे दूध यांपलीकडे आम्ही एकत्र येऊ शकतो यावर आमच्याच घरात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. या चळवळीला आम्ही नाव दिलेले नाही. ज्यांच्यासाठी ती आहे ते मंडला-डिंडोरीकडून येणारे, गोंडी आणि बुंदेली बोलणारे मजूर ते ठरवतील.

जबलपूर हे दारूगोळ्याचे गाव आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरिया दुसऱ्या महायुद्धातली. या कारखान्यांत शिकलेल्या माणसांकडे एक ज्ञान आहे, त्याची किंमत शहराला कळलेली नाही. खमरियात एक पद आहे : डेंजर बिल्डिंग वर्कर. ज्या इमारतीत स्फोटक हाताळले जाते तिच्या दारावरच लिहिलेले असते की आत एका वेळी किती माणसे आणि किती स्फोटक चालेल. तेवढीच. साहेब आले, पाहुणे आले तरी कुणाला तरी बाहेर काढल्याशिवाय त्यांना आत घेता येत नाही. आत जाण्यापूर्वी धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडायची. बुटाला खिळा चालत नाही, हत्यार ठिणगी न पाडणाऱ्या धातूचे, काडेपेटी आणि मोबाइल गेटावरच. इमारतीभोवती मातीचे उंच बांध, म्हणजे एक इमारत उडाली तर शेजारची वाचावी. हे सगळे पुस्तकातून येत नाही. नव्या पोराला जुना माणूस रोज त्याच दारात उभा करतो, रोज तेच करवून घेतो, आणि एक दिवस पोरगा पट्टीला हात लावल्याशिवाय पुढे पाऊलच टाकत नाही. प्रशिक्षण म्हणतात ते याला.

यावर कुणी विचारेल, की मग २२ ऑक्टोबर २०२४ ला खमरियाच्या फिलिंग विभागात स्फोट होऊन कामगार कसे गेले? शिकलेलेच होते ना? प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही. शिकवणे म्हणजे ताईत नव्हे. यंत्र जुने असेल, उत्पादनाची घाई असेल, एकाच्या जागी दोघांचे काम असेल, तर शिकलेलाही मरतो. पण त्या स्फोटानंतर तीन महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ ला, भंडाऱ्याच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ जण गेले. १ ऑक्टोबर २०२१ पासून या दोन्ही निर्माणी एकाच कंपनीच्या, म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या आहेत. खमरियाच्या चौकशीत काय निघाले ते भंडाऱ्याच्या कामगाराला कुणी समोर बसवून सांगितले का? आणि भंडाऱ्याचे खमरियात? हे विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा हक्क आम्हाला हवा. चौकशीचा अहवाल गोपनीय ठेवायचा तर ठेवा. त्यातला जो भाग कामगाराच्या हातांशी संबंधित आहे तो महिन्याभरात प्रत्येक सेक्शनमध्ये, प्रत्येक पाळीत, मोठ्याने वाचून दाखवा. आता तर या निर्माणींत डेंजर बिल्डिंग वर्करसुद्धा मुदतीच्या करारावर घेतात. मुदत संपून माणूस गेला की त्याच्या हातात मुरलेले कामही जाते, आणि नव्याला शिकवायला जुनाच कुणी उरत नाही. या धोरणाचा आम्ही निषेध करतो.

बंदुकीची आणि बॉम्बची चर्चा निदान वर्तमानपत्रात होते. भंगाराची होत नाही. २५ एप्रिल २०२४ ला जबलपूरच्या अधारताल भागात, बायपासवरच्या एका भंगाराच्या गोदामात प्रचंड स्फोट झाला. मजुरांची शरीरे ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. गोदामात बॉम्बगोळ्यांची कवचे सापडली. लष्करी भंगार विकताना ते स्फोटकमुक्त असल्याचा दाखला द्यावा लागतो. कागदावर तो असतोही. पण गॅस कटर घेऊन कवच कापायला बसलेल्या माणसाला तो दाखला कुणी दाखवतो का, आणि त्याला तो वाचता येतो का? भंगाराच्या दुकानात काम करणाऱ्या पोराला आम्ही पहिली गोष्ट ही शिकवणार, की बंद तोंडाची कुठलीही वस्तू, गोळा असो, सिलिंडर असो की जुन्या गाडीचा शॉकअप, आत काय आहे हे कळल्याशिवाय कापायची नाही, मालक ओरडला तरी नाही.

माहिती वर अडवून ठेवण्याची सवय जुनी आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीला आग लागली. बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटके होती, कापसाच्या गाठीही होत्या, आणि स्फोटके असल्याची खूण म्हणून चढवायचा लाल बावटा चढवलेला नव्हता. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. बावट्याची गोष्ट त्या सप्ताहात फारशी सांगितली जात नाही. आमच्या राज्यात भोपाळची वायुदुर्घटना घडली. १९८४ च्या त्या रात्रीच्या तीन वर्षे आधी, १९८१ च्या डिसेंबरात, त्याच कारखान्यात फॉस्जीन अंगावर येऊन एक कामगार मेला होता. त्यानंतर राजकुमार केसवानी हे पत्रकार स्थानिक साप्ताहिकात पुनःपुन्हा लिहीत राहिले. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत होत्या आणि कामगारांच्या प्रशिक्षणाचा कालावधी खर्च वाचवण्यासाठी कमी होत गेला होता. गेटाबाहेरच्या वस्तीला तर काहीच सांगितलेले नव्हते. वायू सुटला तर पळत सुटू नका, तोंडावर ओले फडके धरा, एवढे एक वाक्य आधी सांगितले असते तरी काही जीव वाचले असते. त्या वाक्याला पैसा लागत नव्हता.

आता घरांकडे येऊ, कारण निर्माणीत गेलेल्यांपेक्षा घरांच्या कामावर मरणारे जास्त, आणि त्यांची बातमी दोन ओळींची.

मदनमहाल ते दमोहनाका हा जवळजवळ सात किलोमीटरचा उड्डाणपूल २०२५ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. एवढ्या मोठ्या कामावर निदान हेल्मेट, जाळी आणि सेफ्टी ऑफिसर ठेवावा लागतो, कायदा तिथपर्यंत पोचतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत, राइट टाउन, नेपियर टाउन आणि इकडे सदरमध्ये, जुनी घरे पाडून नवी उभी राहतात, तिथे कायदा जात नाही. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा दहापेक्षा कमी मजूर असलेल्या कामाला आणि दहा लाखांच्या आतल्या स्वतःच्या घराला लागू नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती दहा लाखांची मर्यादा पन्नास लाखांवर नेली. म्हणजे आमच्या गल्लीतले बहुतेक प्रत्येक घर कायद्याच्या बाहेर. तिथल्या मजुराचा मालक कोण? आपणच. बाबूजी म्हणून ज्याला तो हाक मारतो तो. चहा पाजतो, दिवाळीला कपडे देतो, आणि खणलेल्या चरात त्याला टेकूशिवाय उतरवतो, तोही तोच.

त्या चराचेच घ्या. जबलपूरच्या पुष्कळ भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना फळ्यांचा आधार हवाच, आणि उपसलेली माती चराच्या काठावर रचायची नाही. एक घनमीटर माती दीड टनापेक्षा जास्त भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस नाक उघडे असूनही गुदमरतो, कारण छाती फुलायलाच जागा नसते. हे सांगायला दहा मिनिटे लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या कटनी जिल्ह्यात, स्लीमनाबादला, बर्गी कालव्याच्या बोगद्याच्या कामावर माती कोसळून नऊ मजूर आत अडकले. सात निघाले, दोन नाही. तिथे यंत्रे होती, बचाव दल आले. गल्लीतल्या चरापाशी फावडी असतात आणि शेजारी असतात.

सेप्टिक टँकचे त्याहून वाईट. सडक्या अंड्याचा वास आला की विषारी वायू आहे असे समजा, हे सगळे सांगतात. पुढची गोष्ट सांगत नाहीत. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होते. वास येईनासा होतो, आतल्या माणसाला वाटते हवा मोकळी झाली, आणि तो पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला मेव्हणा. एका टाकीत तीन प्रेते सापडतात ती अशी. टाकी जुनीच असावी लागते असेही नाही. नव्या कोऱ्या टाकीचा स्लॅब पडून तीन आठवडे झाले, झाकण बंद, आत सेंटरिंगच्या ओल्या फळ्या कुजताहेत आणि हवेतला प्राणवायू खाताहेत. त्या फळ्या काढायला सगळ्यांत हलक्या अंगाचा पोरगा खाली सोडतात. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षणाशिवाय माणूस उतरवण्यावर २०१३ पासून कायद्याने बंदी आहे, आणि गटारात माणूस मेला तर तीस लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. नव्या टाकीची सेंटरिंग काढणारा मात्र सफाई कामगार नसतो, बांधकाम मजूर म्हणून त्याची नोंदही नसते. तो कुठल्याच कागदावर मरत नाही.

उंचीवरचे काम सगळ्यांना ठाऊक आहे असे वाटते, म्हणून तिथे सर्वांत कमी शिकवले जाते. पट्टा दिला की ठेकेदार मोकळा. हूक कुठे अडकवायचा? परांचीच्या बांबूला अडकवला तर पडताना माणूस परांचीसकट येतो. एक हूक काढताना दुसरा अडकलेला हवा, म्हणून दोन दोर असतात. आमच्याकडे दुसरा दोर गुंडाळून खिशात घालतात, मध्ये येतो म्हणून. आणि रेजांना, डोक्यावर घमेले घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या बायकांना, पट्टाच देत नाहीत. साडीवर तो नीट बसत नाही, असे उत्तर मिळते. मग कामाचा सलवार-कुर्ता द्या. बाईचा जीव साडीच्या निऱ्यांवर सोडून देणे आम्हाला मान्य नाही.

काही मरणे पडल्यासारखी दिसत नाहीत. टाइल आणि दगड कोरडा कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि दहा-वीस वर्षांनी माणूस जिना चढू शकत नाही. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कामगारांचे एवढे हाल झाले, की मध्य प्रदेशाला १९८२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कल्याण निधीचा कायदा करावा लागला. कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीचशी जागीच बसते. पाण्याची धार! कैमोरला अनेक दशके ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे होत आले. ते आमच्या कित्येक घरांवर आहेत, आणि ते फोडताना, कापताना निघणारा तंतू डोळ्यांना दिसत नाही. पत्रा अखंड उतरवा, ओला करून उतरवा, हातोडा मारू नका. ज्याला हे माहीत नाही त्याला छपरावर चढवणारा गुन्हेगार आहे, मग तो आमचा सख्खा का असेना.

नव्या संहितेबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गंभीर धोका दिसला तर मालकाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क ती कामगाराला देते. निरीक्षकाच्या नावापुढे आता सुविधाकर्ता असेही जोडले आहे. कुणाची सुविधा ते दिसेलच. पण कळवून झाल्यावर काम थांबवण्याचा हक्क? तो रोजंदारीच्या माणसाला स्वतःच घ्यावा लागेल. तो त्याने घेतला आणि त्या दिवशी त्याची मजुरी बुडाली, तर ती मिळवून देण्यासाठी ठेकेदाराच्या दारात बसायला आम्ही जाऊ. ही आमची पहिली लेखी हमी.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यात आठवड्याची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अपंग झाल्यास पोटापाण्याची सोय, अशीही मागणी होती. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. आता आमची चळवळ सुरू होताना आम्हाला सांगण्यात आले, की तुम्ही मजुरांचे वर्ग रविवारी घ्या, त्या दिवशी ते मोकळे असतात. आम्ही नकार दिला. भांडून मिळवलेला रविवार आम्ही शिकवण्याच्या नावाखाली परत घेणार नाही. शिकणे हे कामाचाच भाग आहे. ते सोमवारी सकाळी, हजेरी लागल्यावर, पूर्ण मजुरीत होईल.

अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागी काम करणाऱ्याला आधी ४० तासांचा वर्ग आणि मग तीन दिवस जाणत्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. सिंगापूरला बांधकामावर गेलेल्या तमिळ मजुराला सुरक्षेचा धडा तमिळमधून मिळतो. तोच माणूस जबलपूरला आला तर त्याला ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, छातीला बिल्ला लावून शपथ देतात, फोटो काढतात आणि रजिस्टरवर अंगठा घेतात. त्या अंगठ्याला आम्ही प्रशिक्षण मानत नाही. ज्याला शिकवले त्याने ते दुसऱ्याला करून दाखवले, आपल्या बोलीत समजावून सांगितले, तर तो शिकला. आमच्या वर्गात पडदा आणि चित्रफीत नसेल; चर असेल, पट्टा असेल, टाकीचे झाकण असेल. शिकवणारा त्या कामात हात मळलेला माणूस किंवा बाई असेल, आणि शेजारी गोंडी बोलणारे कुणीतरी असेल.

आमचे मागणे फार नाही. महापालिकेने आणि छावणी परिषदेने नकाशा मंजूर करताना मजुरांच्या प्रशिक्षणाची अट घालावी, घर पन्नास लाखांच्या आतले असले तरी. बांधकामावर एक टक्का उपकर घेतला जातो. देशभर त्यातले हजारो कोटी खर्चाविना पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्य सरकारांना सुनावले होते. त्या पैशातून वर्गाच्या दिवसाची मजुरी द्या. निर्माणींनी निवृत्त डेंजर बिल्डिंग वर्करांना शहरात शिकवायला मानधनावर बोलवावे. दारूगोळा किंवा त्याचे भंगार ज्या हातांत जाईल त्या शेवटच्या माणसापर्यंत शिकवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची राहील, ठेका कितीही पायऱ्यांचा असो. ठेकेदारांशी आमचे वैर नाही. आमच्यातले काही स्वतः ठेकेदार आहेत, आणि शिकवलेला मजूर काम कमी बिघडवतो हे त्यांना पक्के ठाऊक आहे. पण अंगठे गोळा करून प्रमाणपत्र विकणाऱ्यांची नावे आम्ही चौकात लावू.

सदरच्या, आणि जबलपूरच्या घरमालकांनो, सुरुवात तुमच्यापासून आहे. घराचे काम काढले असेल तर पाया खणण्याआधी आम्हाला कळवा. आम्ही येऊ, तुमच्या मजुरांना तुमच्याच जागेवर दोन तास शिकवू, फी घेणार नाही. त्या दोन तासांची मजुरी मात्र तुम्ही द्यायची, आणि तुम्हीही तिथे बसून ऐकायचे.